गॅरेजच्या माळ्यावर उरलेलं इन्सुलेशन: कधी वापरायचं आणि कधी हातही लावायचा नाही

बेसमेंटच्या भिंतींचं काम संपलं तेव्हा आमच्याकडे फायबरग्लासच्या इन्सुलेशनचे, म्हणजे भिंतीत आणि छतात थंडी-उष्णता अडवायला घालतात त्या काचेच्या लोकरीचे, अडीच गठ्ठे उरले. फोडलेला गठ्ठा दुकान परत घेत नाही, आणि चांगली वस्तू कचऱ्यात टाकायला आपला हात धजत नाही. अमेरिकेत घर घेतलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांत याचं उत्तर एकच असतं: "गॅरेजच्या वर टाकून ठेवू. तिथे काहीच नाहीये, तेवढीच ऊब." मीही शिडी लावून वर चढले होते. मग गठ्ठ्याच्या कागदावर छापलेली सूचना टॉर्चच्या उजेडात वाचली आणि खाली उतरले. त्यानंतर जे वाचलं, विचारलं आणि स्वतःच्या हाताने केलं, ते इथे लिहिते आहे. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. त्यामुळे बोलणं मुख्यतः थंड प्रदेशातल्या घरांबद्दल आहे. फ्लोरिडा किंवा ह्यूस्टनमध्ये जिथे उलट होतं, तिथे तसं सांगेन.

आधी ही वस्तू काम कशी करते ते बघू, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. काच स्वतः उबदार नसते. काचेच्या बारीक तंतूंमध्ये अडकलेली, जागची न हलणारी हवा उष्णता अडवते. गोधडीचं किंवा कापसाच्या गादीचं तेच आहे. वर्षानुवर्षं दबून चपटी झालेली गादी थंड लागते. पिंजाऱ्याने कापूस पिंजून दिला की तोच कापूस पुन्हा ऊब धरतो. कापूस वाढलेला नसतो, त्यातली हवा वाढलेली असते. ओली गोधडी कुणी पांघरत नाही, कारण हवेची जागा पाण्याने घेतलेली असते.

गठ्ठ्यावर लिहिलेला 'आर' आकडा म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता. आकडा जितका मोठा तितकी अडवणूक जास्त. हा आकडा अमेरिकी मापातला आहे. युरोपातल्या मापात हवा असेल तर त्याला साधारण ५.७ ने भागायचं. गठ्ठ्यातल्या गादीसारख्या एकेका पट्टीला बॅट म्हणतात. आर-१३ ची बॅट साडेतीन इंच जाड असते आणि 'दोन-बाय-चार' नावाने मिळणाऱ्या लाकडांच्या भिंतीसाठी असते. आर-१९ सव्वासहा इंच जाड असते. आता तीच आर-१९ साडेतीन इंचांच्या फटीत कोंबली, तर ती फक्त आर-१३ चं काम करते. पैसे जास्त गेले, ऊब तेवढीच. म्हणून उरलेली बॅट वापरण्याआधी ती मोकळी करा, हलकेच झटका, तासभर पडू द्या आणि मग पट्टीने उंची मोजा. आर-१९ चार इंचांवरच थांबली असेल तर तिला आर-१९ समजू नका.

रंगावरून काही ठरवू नका. गुलाबी, पिवळा, पांढरा, तपकिरी हे कंपन्यांचे रंग आहेत, दर्जाचे नाहीत.

वर आधीपासून काय पडलंय?

तुमचा गठ्ठा नवा आणि स्वच्छ असेलही, पण तुम्ही तो कशावर टाकणार आहात? घर १९९० च्या आधीचं असेल तर काही टाकण्यापूर्वी माळ्याच्या दारातूनच टॉर्च मारून बघा. आत रांगत जाऊ नका.

राखाडी, भुरभुरीत, वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काही दिसलं तर ते सेल्युलोज. जुने कागद दळून, त्यात बोरेटसारखी आगरोधक रसायनं मिसळून ते बनवतात. त्यावर बिनकागदाची बॅट (कागदाचं पुढे सांगते) टाकायला हरकत नाही.

पण खड्यांसारखे सुटे दाणे दिसले, अभ्रकासारखे चमकणारे, रुपेरी-तपकिरी, बाजूने पाहिलं तर हार्मोनियमच्या भात्यासारखे पापुद्रे असलेले, तर तिथेच थांबा. ते व्हर्मिक्युलाइट असण्याची दाट शक्यता आहे. मोंटाना राज्यातल्या लिबी गावाजवळच्या खाणीतून १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त माल निघाला, आणि त्या खाणीतल्या खनिजात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. माळ्यात पसरायचं ते दाणेदार उत्पादन 'झोनोलाइट' या नावाने विकलं जाई. खाणकामगार, त्यांच्या घरची माणसं आणि गावातले इतर लोकही फुप्फुसांच्या रोगांनी मेले. २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, लिबीमध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. त्या संस्थेची अशी ती पहिलीच घोषणा होती.

ईपीएचा सल्ला सरळ आहे: माळ्यात व्हर्मिक्युलाइट असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला आणि ते हलवू नका. झाडू नको, व्हॅक्यूम नको, त्यावर खोकी ठेवायची नाहीत, मुलांना वर पाठवायचं नाही. त्यावर बॅट पसरणं म्हणजेसुद्धा ते ढवळणं. काढायचंच असेल तर ॲस्बेस्टॉस काढण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवा. पैसे वाचवण्यासाठी हे काम रविवारच्या दुपारी स्वतः करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ॲस्बेस्टॉसचा तंतू आज श्वासात गेला तर त्याचा परिणाम कित्येक दशकांनी दिसतो. जुन्या घरात पाइपांवर किंवा हीटरची हवा नेणाऱ्या डक्टवर पांढरट, कापडासारखं गुंडाळलेलं आढळलं तर त्यालाही हाच नियम लावा.

दुसरी गोष्ट उंदीर. गॅरेजचा माळा त्यांना फार आवडतो आणि फायबरग्लास हे त्यांचं आयतं अंथरूण. अमेरिकेत, विशेषतः डिअर माउस या जातीच्या उंदरांच्या विष्ठेतून आणि मूत्रातून हंता विषाणू पसरतो. नैऋत्य अमेरिकेत, चार राज्यांच्या सीमा जिथे मिळतात त्या भागात, १९९३ मध्ये फुप्फुसांवर घाला घालणारा हा इथला प्रकार पहिल्यांदा ओळखला गेला. आमच्या मिशिगनमध्ये २०२१ साली पहिला रुग्ण सापडला, आणि कारण होतं उंदरांचा वावर असलेल्या रिकाम्या घराची साफसफाई. वाळलेली विष्ठा झाडली की तिची धूळ हवेत जाते, धोका तिथे आहे. म्हणून झाडायचं नाही आणि व्हॅक्यूमही करायचं नाही. आधी अर्धा तास दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या. मग रबरी हातमोजे घालून ब्लीचचं ताजं पाणी, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, चांगलं भिजेपर्यंत फवारा. पाच मिनिटं थांबा आणि कागदी टॉवेलने पुसून घ्या. ज्या बॅटमध्ये उंदरांनी बिळं केलीत, ती ओली करून, दुहेरी पिशवीत घालून टाकून द्या. ती झटकून, उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याचा विचारही करू नका.

काळे डाग दिसले तर दोन शक्यता असतात. वास कुबट येत असेल आणि कागद मऊ पडला असेल तर ती बुरशी आहे, बॅट टाकून द्या. वास नसेल, बॅट कोरडी असेल आणि डाग एका रेषेत असतील, तर बहुधा खालच्या फटीतून हवा वर येते आहे आणि तंतूंनी तिच्यातली धूळ गाळून धरली आहे. हा डाग उपयोगी असतो, कारण गळती नेमकी कुठे आहे ते तो दाखवतो. बॅट उचला, फट कॉकने (फटी बुजवायच्या लुकणाने) किंवा फोमने बंद करा आणि मगच पुढे जा. फायबरग्लास हवेचा प्रवाह थांबवत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. स्वेटर घालून वाऱ्यात उभं राहिलं की वारा आत शिरतोच.

कागदाची बाजू

मी ज्या सूचनेमुळे शिडीवरून उतरले ती हीच. बऱ्याच बॅटना एका बाजूने तपकिरी क्राफ्ट कागद असतो. तो डांबरासारख्या पदार्थाने चिकटवलेला असतो. त्याचं काम बाष्प अडवण्याचं. काचेचे तंतू जळत नाहीत, पण हा कागद जळतो आणि भराभर जळतो. म्हणून कागदावरच छापलेलं असतं की तो उघडा ठेवू नका, ड्रायवॉलसारख्या (भिंतीला-छताला लावायच्या जिप्समच्या तक्त्यांसारख्या) पक्क्या आवरणाला टेकवून बसवा.

आता गॅरेज डोळ्यासमोर आणा. पेट्रोल भरलेली गाडी, गवत कापायचं यंत्र, रंगाचे डबे, कित्येक घरांत गॅसचा वॉटर हीटर. अशा जागी छताच्या लाकडांमध्ये उघड्या कागदाच्या बॅट स्टेपल करून ठेवलेल्या मी एकाहून अधिक घरांत पाहिल्या आहेत. त्या दिसतात नीटनेटक्या, आणि म्हणूनच कुणाला शंका येत नाही. तुमच्या गॅरेजच्या छताला ड्रायवॉल नसेल, म्हणजे खालून लाकडं थेट दिसत असतील, तर कागद असलेली बॅट तिथे लावू नका. आधी ड्रायवॉल लावा, नाहीतर बिनकागदाची बॅट वापरा.

ड्रायवॉल असेल तर कागद खाली, ड्रायवॉलला टेकलेला. थंड प्रदेशात कागद नेहमी हिवाळ्यातल्या उबदार बाजूला येतो, म्हणजे माळ्यात खालच्या बाजूला. घरातली उबदार, दमट हवा वर जाते. ती थंड पृष्ठभागावर पोहोचली की पाणी धरते, जसं गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं. कागद त्या बाष्पाला आधीच अडवतो. ह्यूस्टन किंवा मायामीसारख्या उष्ण-दमट ठिकाणी बाष्प बाहेरून आत येत असतं, म्हणून तिथे आतल्या बाजूला कागद नकोच, बिनकागदाची बॅट बरी.

आणि वर आधीच इन्सुलेशन असेल, त्यावर तुम्ही दुसरा थर देत असाल, तर दुसऱ्या थराला कुठेही कागद नको. मधोमध आलेला कागद बाष्प अडकवून ठेवतो. खालचा थर ओला होतो आणि वरून काही कळत नाही. उरलेल्या बॅटला कागद असेल तर तो सोलून काढता येतो. अंगणात, मास्क लावून, एका टोकापासून हळूहळू ओढा. थोडे तंतू कागदाबरोबर येतात, ते चालतं. सुरीने कागदावर चिरा मारल्या तरी चालतं असं काही जण सांगतात. मला सोलणंच जास्त विश्वासाचं वाटतं, कारण माळ्यात जळणारा कागद राहतच नाही.

उरलेले फोमचे बोर्ड असतील, पांढरे, गुलाबी, निळे किंवा चंदेरी, तर त्यांचा नियम आणखी कडक आहे. फोम पेटला की दाट विषारी धूर होतो. तो गॅरेजमध्ये उघडा राहता कामा नये. त्यावर निदान अर्ध्या इंचाची ड्रायवॉल हवी.

घर आणि गॅरेज यांच्यामधली भिंत

घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये घराच्या बाजूच्या भिंतीला आणि माळ्याला जी ड्रायवॉल असते, ती केवळ शोभेसाठी नसते. गॅरेजमध्ये आग लागली तर घरातल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून ती असते. अमेरिकी निवासी बांधकाम संहितेत तिथे किमान अर्धा इंच जाडी सांगितली आहे, आणि गॅरेजच्या वर राहती खोली असेल तर छताला पाच-अष्टमांश इंचाची 'टाइप एक्स', म्हणजे आगीत जास्त वेळ टिकणारी, ड्रायवॉल. इन्सुलेशन आत सारण्यासाठी तिला भोकं पाडू नका. माळ्यावर जायला साधी घडीची शिडी बसवली तरी त्या आवरणाला खिंडार पडतं. बसवायचीच असेल तर आगरोधक दर्जाची घ्या आणि गावाच्या बांधकाम खात्याला आधी विचारा.

फटी बुजवणं इथे दुप्पट महत्त्वाचं आहे. गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि पेट्रोलची वाफ याच फटींतून झोपायच्या खोलीपर्यंत पोहोचते.

पण गॅरेजला याची गरज आहे का?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर तो आधी यायला हवा. गॅरेज घरापासून वेगळं आणि बिनहीटरचं असेल, तर हिवाळ्यात तिथे राखण्यासारखी उष्णताच नसते. गोधडी दगडावर पांघरली तर दगड गरम होत नाही. उन्हाळ्यात छताचा ताप थोडा कमी होईल, एवढंच. गॅरेज घराला जोडलेलं असेल तर फायदा घराकडच्या भिंतीत आहे. आणि गॅरेजच्या वर बेडरूम असेल, जिची फरशी जानेवारीत पायाला बर्फासारखी लागते, तर त्या फरशीखाली इन्सुलेशन घालणं हे सर्वांत मोलाचं काम आहे. तिथे बॅट वरच्या फरशीला घट्ट टेकलेली हवी. मध्ये पोकळी राहिली की थंड हवा तिथे फिरते आणि मेहनत वाया जाते.

बाकीच्यांना मी एकच सुचवेन: उरलेलं इन्सुलेशन गॅरेजऐवजी घराच्या मुख्य माळ्यावर न्या. २०२१ च्या ऊर्जा संहितेत आमच्या हवामानाच्या पट्ट्यात नव्या घराच्या छताला आर-६० सांगितलं आहे. जुन्या घरांत पुष्कळदा त्याच्या निम्मंही नसतं. उरलेली प्रत्येक बिनकागदाची बॅट तिथे बिलातून परत मिळते.

वर गेल्यावर

सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात दुपारी माळा भट्टीसारखा तापतो आणि अरुंद जागेत चक्कर आली तर बाहेर काढणं अवघड. जॉइस्टवर, म्हणजे माळ्याच्या तळाच्या लाकडी तुळयांवर, आडवी फळी टाकून तिच्यावरच वजन द्या. मधली ड्रायवॉल माणसाचं वजन पेलत नाही. डोक्यावर छताचे खिळे बाहेर आलेले असतात, टोपी घाला. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क. काचेचे तंतू त्वचेला टोचतात म्हणून खाज येते. चोळू नका, आधी थंड पाण्याने धुऊन काढा आणि ते कपडे बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. कर्करोगाची भीती अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये इन्सुलेशनमधल्या काचेच्या लोकरीला 'कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही' अशा गटात टाकलं. त्याआधी ती 'शक्यता आहे' या गटात होती. म्हणून घाबरू नका, पण मास्कही टाळू नका.

बॅट फटीपेक्षा किंचित रुंद कापा म्हणजे ती स्वतःच्या ताणाने बसते. वायर आडवी आली तर बॅट तिच्यावर दाबून चपटी करू नका. जाडीत मधोमध चिरून अर्धी वायरीखाली, अर्धी वर सरकवा. दुसरा थर जॉइस्टच्या आडव्या दिशेने टाका, म्हणजे लाकडावाटे जाणारी उष्णताही अडते.

काही जागा मोकळ्या सोडायच्याच. छतात बसवलेल्या दिव्यावर इन्सुलेशन टेकलेलं चालतं असं 'आयसी' हे चिन्ह नसेल तर भोवती तीन इंच जागा ठेवा. विटांच्या धुराड्यापासून दोन इंच. गॅस हीटरच्या धातूच्या नळीवर किती अंतर हवं ते छापलेलं असतं, दुपदरी नळीला बहुधा एक इंच. पांढऱ्या चिनी मातीच्या गोट्यांवरून ताणलेल्या जुन्या वायरी दिसल्या, तर त्या झाकूच नका. त्यांची उष्णता मोकळ्या हवेत जावी अशीच त्यांची रचना आहे. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

छताच्या कडेला, पागोळ्यांच्या बाजूला, सॉफिटच्या (बाहेर आलेल्या छताच्या खालच्या बाजूच्या) जाळ्या असतात. तिथून हवा आत येते आणि वरच्या कण्याजवळून बाहेर जाते. कोकणातल्या कौलारू घरात हे काम कौलांमधल्या फटी न सांगता करतात. इथल्या डांबरी छताला तशा फटी नाहीत, म्हणून हा वाहता रस्ता जपावा लागतो. बॅट कडेपर्यंत ढकलली की जाळी बुजते आणि हिवाळ्यात छताच्या फळ्यांना आतून पाणी सुटतं. हवेची वाट मोकळी ठेवणारे प्लास्टिकचे किंवा पुठ्ठ्याचे पन्हाळीसारखे बॅफल मिळतात, ते लावून छत आणि इन्सुलेशन यांत किमान एक इंच वाट ठेवा.

आणि पसरून झाल्यावर त्यावर बॅगा ठेवू नका. भारतवारीच्या मोठ्या बॅगा ठेवायला गॅरेजचा माळा सगळ्यांना सोयीचा वाटतो. पण सामान ठेवण्यासाठी न बांधलेल्या माळ्याचा जादा भार चौरस फुटाला १० पौंड धरलेला असतो, म्हणजे चौरस मीटरला साधारण ५० किलो. पुस्तकांची चार खोकी एका जागी ठेवली की तो कधीच ओलांडला जातो. शिवाय खालची बॅट चपटी होते ती वेगळीच.

आमच्या अडीच गठ्ठ्यांपैकी दोन गठ्ठ्यांचा कागद मी ड्राइव्हवेवर बसून सोलला आणि त्या बॅट घराच्या माळ्यावर आडव्या पसरल्या. उरलेला अर्धा गठ्ठा गॅरेजवरच्या मुलीच्या खोलीच्या फरशीखाली गेला, कागद वर, फरशीला टेकलेला. त्यासाठी गॅरेजच्या छताची ड्रायवॉल एका कोपऱ्यात उघडावी लागली. ते काम आम्ही परवाना काढून माहितगार माणसाकडून करून घेतलं आणि त्यानेच तिथे पुन्हा पाच-अष्टमांशाची ड्रायवॉल चढवून सांधे बुजवले. पहिल्या मोठ्या थंडीनंतर मी टॉर्च घेऊन घराच्या माळ्यावर गेले आणि छताच्या फळ्यांच्या आतल्या बाजूला हात लावून पाहिला. फळ्या कोरड्या होत्या.